मणक्याच्या दाहक संधिवाताच्या निदानात पुनर्प्रतिमांकनाची भूमिका : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

मणक्याचा दाहक संधिवात हा तरुण वयात सुरू होणारा, संथ गतीने वाढणारा आणि वेळीच न ओळखल्यास पाठीचा कणा ताठर करून टाकणारा आजार आहे. विसाव्या शतकात या आजाराचे निदान प्रामुख्याने क्ष-किरण चित्रावर अवलंबून होते. आजार सुरू झाल्यानंतर क्ष-किरण चित्रात बदल दिसण्यास अनेक वर्षे लागत असल्याने तीच तपासणी पुन्हा पुन्हा करून वाट पाहणे हाच निदानाचा मार्ग होता. चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनाच्या (एमआरआय) आगमनानंतर ही प्रतीक्षा संपेल अशी अपेक्षा निर्माण झाली. परंतु पहिली तपासणी नकारार्थी आल्यास ती पुन्हा करावी काय, केव्हा करावी व कोणाची करावी, हे प्रश्न नव्याने उभे राहिले. प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला असून, पुनर्प्रतिमांकनाचे मूल्य तपासणीच्या संख्येवर नव्हे तर ती करण्यामागील वैद्यकीय कारणावर अवलंबून असते, असे प्रतिपादन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : मणक्याचा दाहक संधिवात, सॅक्रोइलियाक सांधा, क्ष-किरण, एमआरआय, पुनर्प्रतिमांकन, निदानातील विलंब.

१. प्रस्तावना

पाठदुखी ही मानवी जीवनातील अत्यंत सर्वसामान्य तक्रार आहे. बहुतेक पाठदुखी श्रम, बैठकीची सवय अथवा वयपरत्वे होणारी झीज यांमुळे उद्भवते आणि विश्रांतीने कमी होते. मात्र पाठदुखीचा एक प्रकार याच्या नेमका उलट वागतो. तो साधारणतः विशी-पंचविशीत सुरू होतो, पहाटे झोपमोड करतो, सकाळी उठल्यावर बराच काळ कंबर जखडून ठेवतो, विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने कमी होतो. मणक्यांच्या व कमरेच्या सांध्यांमध्ये होणारा दाह हे त्याचे कारण होय. या आजाराच्या पूर्ण विकसित अवस्थेस अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असे नाव आहे. आता आरंभीच्या व प्रगत अशा सर्व अवस्थांना मिळून ‘अक्षीय स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस’ ही व्यापक संज्ञा वापरली जाते.

या आजाराच्या इतिहासातील सर्वांत ठळक बाब म्हणजे निदानातील विलंब. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा सरासरी कालावधी एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक असलेल्या रुग्णांमध्ये ८.५ वर्षे, तर तो नसलेल्या रुग्णांमध्ये ११.४ वर्षे इतका आढळला. २०२१ मध्ये विविध देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हा सरासरी विलंब ६.७ वर्षे असल्याचे नोंदविण्यात आले. शिक्षण, नोकरी व संसार यांची उभारणी होण्याच्या वयात ही वर्षे जातात, हे लक्षात घेता या विलंबाचे सामाजिक मोल ध्यानात येते. विलंबाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी प्रतिमांकनाच्या मर्यादा व ते पुन्हा करण्याची पद्धत यांचा विचार येथे केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) मणक्याच्या दाहक संधिवाताच्या निदानात प्रतिमांकनाचे स्थान कसे बदलत गेले याचा मागोवा घेणे.
२) क्ष-किरण युगातील व एमआरआय युगातील पुनर्तपासणीमागील भूमिकांची तुलना करणे.
३) पुनर्प्रतिमांकनाच्या उपयुक्ततेच्या व धोक्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध वैद्यकीय संशोधन, निदानाचे निकष व मार्गदर्शक तत्त्वे यांचा आधार घेतला आहे.

३. क्ष-किरणांपूर्वीचा काळ

या आजाराचे आद्य वर्णन मृत माणसाच्या हाडांवरून झाले, ही बाब बोलकी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याने फ्रान्समध्ये मिळालेल्या एका सांगाड्याचे वर्णन केले. त्या सांगाड्यातील कमरेची हाडे, त्रिकास्थी, मणके व फासळ्या एकमेकांत जुळून जणू एकच अखंड हाड बनले होते. हा मनुष्य जिवंतपणी वाकू अथवा वळू शकत नसणार, असा निष्कर्ष काढणे शक्य होते. परंतु आजाराची सुरुवात कशी झाली असेल, हे त्या सांगाड्यावरून कळणे शक्य नव्हते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन वैद्यांनी जिवंत रुग्णांमधील आजाराचे वर्णन केले. जर्मनीतील अडोल्फ स्ट्रुम्पेल, रशियातील व्लादिमिर बेख्तेरेव्ह आणि फ्रान्समधील पिएर मारी हे ते तिघे होत. बेख्तेरेव्ह यांचे वर्णन १८९३ मधील, तर मारी यांचे १८९८ मधील आहे. या तिघांच्याही नावांनी हा आजार निरनिराळ्या देशांत ओळखला गेला. मात्र त्यांनी पाहिलेले रुग्ण बहुधा प्रगत अवस्थेतील होते. कणा वाकलेला, मान न वळणारी, छातीचे प्रसरण कमी झालेले अशा रुग्णांचे निदान डोळ्यांनी होत असे. तोपर्यंत आजाराने आपले काम जवळजवळ पूर्ण केलेले असे.

४. क्ष-किरण चित्र आणि प्रतीक्षेचा काळ

विल्हेल्म रॉन्टगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला. जिवंत माणसाच्या हाडांचे चित्र मिळू लागल्याने कॉनर यांना सांगाड्यात दिसलेले बदल आता रुग्णाच्या हयातीत दिसू लागले. आरंभी वैद्यांचे लक्ष मणक्यांवर होते. बांबूच्या पेरांप्रमाणे जुळलेला कणा हे या आजाराचे परिचित चित्र ठरले. परंतु हे चित्रही अखेरच्या टप्प्याचेच होते.

१९३० च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. मणक्यांमध्ये बदल दिसण्यापूर्वी पाठीच्या तळाशी असलेली त्रिकास्थी आणि कमरेची हाडे यांना जोडणाऱ्या दोन सांध्यांमध्ये, म्हणजेच सॅक्रोइलियाक सांध्यांमध्ये, बदल दिसू लागतात. या सांध्यांच्या कडा अस्पष्ट होणे, हाड झिजणे, कडेचे हाड दाट होणे आणि शेवटी सांधा बुजून जाणे असा क्रम क्ष-किरण चित्रांत आढळला. तेव्हापासून हे सांधे निदानाचे केंद्र बनले.

तथापि क्ष-किरण चित्राची एक मूलभूत मर्यादा होती. ते दाह दाखवीत नाही, तर दाहाने मागे ठेवलेले हाडातील बदल दाखविते. घराला लागलेली आग न दिसता जळून गेलेली भिंत तेवढी दिसावी, तसा हा प्रकार होता. त्यामुळे लक्षणे असूनही चित्र निर्दोष असलेल्या रुग्णास काही महिन्यांनी अथवा वर्षांनी पुन्हा चित्र काढण्यास सांगणे याखेरीज वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. पुनर्प्रतिमांकनाचा उगम या अपरिहार्यतेत आहे.

ही प्रतीक्षा किती दीर्घ असू शकते हे जर्मनीतील एका पाठपुरावा अभ्यासाने दाखवून दिले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना हा आजार असण्याची शक्यता होती, परंतु निदान निश्चित झाले नव्हते, अशा रुग्णांवर १० वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ३६ टक्के रुग्णांचे निदान ५ वर्षांनंतर, तर ५९ टक्क्यांचे १० वर्षांनंतर निश्चित झाले. म्हणजेच १० वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही उर्वरित ४१ टक्के रुग्णांच्या बाबतीत निश्चित निदान झालेले नव्हते.

या काळातील आणखी एक घटना येथे नोंदविणे आवश्यक आहे. क्ष-किरण हे या आजाराच्या केवळ निदानाचे साधन नव्हते, उपचाराचेही होते. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात वेदनाशमनासाठी हजारो रुग्णांच्या मणक्यांवर किरणोपचार करण्यात आले. कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल यांनी १९५७ मध्ये या रुग्णांमधील रक्ताच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण प्रसिद्ध केले. १९६५ मधील त्यांच्या पुढील अहवालात १४,५५४ रुग्णांचा समावेश होता. उपचारातील किरणांची मात्रा निदानाच्या चित्रातील मात्रेपेक्षा कितीतरी अधिक असते, त्यामुळे दोहोंची थेट तुलना करता येत नाही. परंतु तरुण रुग्णाच्या ओटीपोटाच्या भागावर पुन्हा पुन्हा किरण सोडताना त्याची किंमत मोजावी लागते, ही जाणीव या रुग्णांच्या इतिहासातूनही वैद्यकास झाली.

५. निकषांचा इतिहास

१९६१ मध्ये रोम येथे आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे या आजाराचे निकष ठरविण्यात आले. रोम निकषांनुसार केवळ वैद्यकीय लक्षणांवरूनही निदान शक्य होते. न्यूयॉर्क निकषांनी मात्र क्ष-किरण चित्रास मध्यवर्ती स्थान दिले आणि सॅक्रोइलियाक सांध्यांतील बदलांची ० ते ४ अशी श्रेणी रूढ झाली. ० म्हणजे निर्दोष, १ म्हणजे संशयास्पद, २ म्हणजे किंचित पण निश्चित बदल, ३ म्हणजे स्पष्ट बदल आणि ४ म्हणजे पूर्ण जुळलेला सांधा. १९८४ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी हे निकष सुधारले. त्यानुसार दोन्ही बाजूंना किमान श्रेणी २ अथवा एका बाजूस किमान श्रेणी ३ आणि त्यासोबत किमान एक वैद्यकीय लक्षण असल्यास निदान निश्चित मानले गेले.

संशोधनाच्या दृष्टीने हे निकष अतिशय उपयुक्त ठरले. मात्र त्यांचा एक अनपेक्षित परिणाम झाला. क्ष-किरण चित्रात बदल नसेल तर निश्चित आजार नाही, अशी समजूत दैनंदिन व्यवहारात दृढ झाली. संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडण्याचे साधन हे रुग्णास उपचाराच्या दाराबाहेर थांबविणारे साधन बनले.

दरम्यान १९७३ मध्ये लंडन येथील ब्रुअर्टन व त्यांचे सहकारी आणि लॉस एंजेलिस येथील श्लॉसस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे एचएलए-बी२७ या घटकाचा संबंध उघड केला. लंडनमधील अभ्यासात ७५ पैकी ७२ रुग्णांमध्ये हा घटक आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ७५ व्यक्तींपैकी केवळ ३ जणांत तो आढळला. या शोधामुळे चित्राशिवाय संशय बळकट करण्याचे साधन मिळाले. तरीही हा घटक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना आजार कधीच होत नाही, त्यामुळे केवळ रक्ततपासणीवर निदान करणे शक्य नव्हते. १९७७ मध्ये आंद्रेई कॅलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाहक पाठदुखी ओळखण्यासाठी रुग्णास विचारावयाच्या प्रश्नांना निश्चित रूप दिले. वयाच्या चाळिशीपूर्वी सुरुवात, हळूहळू प्रारंभ, ३ महिन्यांहून अधिक काळ, सकाळची जखडण आणि व्यायामाने आराम ही ती लक्षणे होत.

६. चित्र वाचणाऱ्याची नजर

पुनर्प्रतिमांकनाचा अर्थ लावताना दोन चित्रांमधील फरक हा आजारामुळे आहे की वाचणाऱ्याच्या नजरेमुळे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सॅक्रोइलियाक सांधा वाकडातिकडा व तिरपा असल्याने त्याचे साधे क्ष-किरण चित्र वाचणे अवघड असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात १०० क्ष-किरणतज्ज्ञ व २३ संधिवाततज्ज्ञ यांच्या वाचनाची पडताळणी करण्यात आली. त्यांची अचूकता मध्यमच होती आणि प्रशिक्षणानंतरही ती लक्षणीय सुधारली नाही.

याचे अधिक बोलके उदाहरण फ्रान्समधील ‘देझीर’ या पाठपुरावा अभ्यासात मिळते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४४९ रुग्णांची क्ष-किरण चित्रे २ वर्षांच्या अंतराने तपासण्यात आली. आरंभी चित्र निकषात न बसणाऱ्या ३२६ रुग्णांपैकी १६ जण, म्हणजे ४.९ टक्के, २ वर्षांनी निकषात बसले. परंतु आरंभी निकषात बसणाऱ्या १२३ रुग्णांपैकी ७ जण, म्हणजे ५.७ टक्के, दुसऱ्या चित्रात निकषाबाहेर गेले. झिजलेले हाड २ वर्षांत पूर्ववत होण्याची शक्यता अत्यल्प असल्याने हा उलट प्रवास मुख्यतः वाचनातील अनिश्चिततेचा आहे असे मानावे लागते. मग पुढे गेलेल्या ४.९ टक्क्यांपैकी किती जणांचा आजार खरोखर वाढला, हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. एकाच बाजूचा बदल मोजणाऱ्या कोणत्याही पुनर्तपासणीस हा धडा लागू पडतो.

सीटी स्कॅनच्या आगमनाने हाडांतील बदल अधिक स्पष्ट दिसू लागले. परंतु ते तंत्रही दाहाऐवजी त्याचे परिणामच दाखविते. त्यामुळे प्रतीक्षेचा मूळ प्रश्न त्याने सुटला नाही.

७. एमआरआयचा उदय

पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनातून चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनाचा पाया घातला गेला. या कार्यासाठी त्यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे तंत्र ऊतींमधील पाण्याचे प्रमाण व स्वरूप टिपत असल्याने सांध्यालगतच्या अस्थिमज्जेतील सूज त्यात दिसते. १९९० च्या दशकात बर्लिन येथील युर्गेन ब्राउन, मॅथियास बोलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण चित्र निर्दोष असतानाही सॅक्रोइलियाक सांध्यांतील दाह एमआरआयमध्ये दिसतो हे दाखवून दिले. जळलेल्या भिंतीऐवजी आता प्रत्यक्ष आग दिसू लागली होती.

या दाहाचा पुढील आजाराशी संबंध आहे काय, याचे उत्तर इंग्लंडमधील लीड्स येथील अभ्यासातून मिळाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दाहक पाठदुखी नुकतीच सुरू झालेल्या ४० रुग्णांचा सुमारे ८ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. आरंभीच्या एमआरआयमध्ये तीव्र दाह आणि सोबत एचएलए-बी२७ असलेल्या रुग्णांमध्ये पुढे क्ष-किरण चित्रात निश्चित बदल होण्याची शक्यता अधिक होती. दाह सौम्य वा अनुपस्थित असलेल्यांमध्ये ती कमी होती.

२००९ मध्ये ‘आसास’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नवे वर्गीकरण निकष जाहीर केले. ४५ वर्षांपूर्वी सुरू झालेली व ३ महिन्यांहून अधिक काळ टिकलेली पाठदुखी असलेल्या रुग्णास दोन मार्ग खुले झाले. प्रतिमांकनात सॅक्रोइलियाक दाह आणि एक अन्य लक्षण हा पहिला मार्ग, तर एचएलए-बी२७ आणि दोन अन्य लक्षणे हा दुसरा मार्ग होय. ६४९ रुग्णांवर पडताळणी केली असता या निकषांनी ८२.९ टक्के रुग्ण अचूक टिपले आणि आजार नसलेल्या ८४.४ टक्के व्यक्तींना अचूक वगळले. एमआरआयला क्ष-किरण चित्राच्या बरोबरीचे स्थान अशा प्रकारे अधिकृतपणे प्राप्त झाले.

८. पुनर्तपासणी : अपेक्षा आणि अनुभव

एमआरआयने जुना प्रश्न सोडविला तसा नवा प्रश्न निर्माण केला. दाह हा भरती-ओहोटीप्रमाणे कमी-अधिक होतो. तेव्हा आज नकारार्थी आलेली तपासणी काही महिन्यांनी होकारार्थी येऊ शकेल, असा तर्क स्वाभाविक होता. क्ष-किरण युगात वाढलेल्या वैद्यास तर तो अधिकच पटणारा होता, कारण त्या युगात दुसऱ्या वा तिसऱ्या चित्रानेच निदान होत असे.

हा तर्क प्रत्यक्ष तपासून पाहिला असता निराळे चित्र समोर आले. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे दाहक पाठदुखीच्या ६८ रुग्णांचा २ वर्षे एमआरआयद्वारे पाठपुरावा करण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आरंभीची तपासणी नकारार्थी असल्यास पुढील तपासणी होकारार्थी येण्याची शक्यता अल्प असल्याचे दिसले. एचएलए-बी२७ असणे आणि पुरुष असणे हे दोन घटक होकारार्थी तपासणीशी स्वतंत्रपणे निगडित होते. त्यानंतर लायडन येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस’ अभ्यासातील रुग्णांची ३ महिन्यांनी व १ वर्षाने पुनर्तपासणी करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही अल्प रुग्णांचाच निकाल बदलल्याचे आढळले. काही तपासण्या होकारार्थीवरून नकारार्थीकडेही गेल्या आणि त्यामागे काही अंशी मधल्या काळातील औषधोपचार हे कारण होते.

या निष्कर्षांचा अर्थ असा की, क्ष-किरणांच्या बाबतीत जे खरे होते ते एमआरआयच्या बाबतीत जसेच्या तसे लागू पडत नाही. क्ष-किरण चित्र उशिरा बोलते, म्हणून ते पुन्हा काढावे लागते. एमआरआय ज्यांच्या बाबतीत बोलते, त्यांच्या बाबतीत बहुधा पहिल्याच वेळी बोलते. अल्पावधीत ती सर्वांची पुन्हा करण्याने निदानात मोठी भर पडत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुनर्तपासणीतून स्त्रियांमध्ये कमी निष्पत्ती होते, याचा अर्थ स्त्रियांना हा आजार होत नाही असा नव्हे. हा पुरुषांचा आजार आहे या जुन्या समजुतीमुळे अनेक स्त्रियांचे निदान दीर्घकाळ रखडले. त्यांच्या बाबतीत चित्राची वाट पाहण्यापेक्षा लक्षणे, कौटुंबिक इतिहास व अन्य पुरावे यांना अधिक वजन देणे इष्ट ठरते.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेने जातात. नकारार्थी एमआरआयवरून आजार नाही असे ठरवू नये आणि निदान निश्चित न होता संशय प्रबळ राहिल्यास पुढील एमआरआयचा विचार करावा, असे त्यांत नमूद आहे. युरोपीय संधिवात संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींनीही आजाराच्या दीर्घकालीन देखरेखीसाठी क्ष-किरण चित्र दर दोन वर्षांपेक्षा अधिक वेळा काढू नये, अशी मर्यादा घातली आहे.

९. निरोगी व्यक्तीच्या प्रतिमेतील सूज

पुन्हा पुन्हा तपासणी करण्याचा धोका केवळ खर्चाचा नाही. तपासणी जितक्या वेळा केली जाईल तितकी चुकून होकारार्थी निकाल मिळण्याची संधी वाढते. अस्थिमज्जेतील सूज ही या आजाराचीच खूण आहे काय, याचा शोध २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी घेतला. पहिल्या अभ्यासात आजार निश्चित असलेल्या ४७ पैकी ४३ रुग्णांचे एमआरआय होकारार्थी होते. परंतु ४७ निरोगी व्यक्तींपैकी ११ जणांचे, २४ धावपटूंपैकी ३ जणांचे आणि प्रसूतीनंतर पाठदुखी असलेल्या ७ स्त्रियांपैकी ४ जणींचे एमआरआयही निकषानुसार होकारार्थी ठरले. बेल्जियममधील दुसऱ्या अभ्यासात सैन्यात नव्याने भरती झालेल्या २२ तरुणांची तपासणी झाली. त्यांपैकी ९ जणांमध्ये प्रशिक्षणापूर्वीच अस्थिमज्जेत सूज होती आणि ६ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर ती ११ जणांत आढळली.

चालणे, धावणे, ओझे वाहणे व प्रसूती या सर्वांचा भार सॅक्रोइलियाक सांध्यांवर पडतो. त्या भारामुळे येणारी सूज आणि आजारामुळे येणारी सूज प्रतिमेत सारखी दिसू शकते. आसास गटाने २०१६ मध्येच होकारार्थी एमआरआयची व्याख्या अधिक स्पष्ट केली होती. सूज निःसंशय असावी, तिचे स्थान व स्वरूप या आजारास साजेसे असावे आणि हाडातील अन्य बदलांसह तिचा विचार व्हावा, यावर भर देण्यात आला.

पुनर्प्रतिमांकनाचा एक खरा उपयोग याच संदर्भात पुढे येतो. प्रसूतीनंतर दिसणारी सूज पुढील महिन्यांत बहुधा ओसरते. अशा स्त्रीच्या बाबतीत काही काळ थांबून केलेली दुसरी तपासणी आजार सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर चुकीचे निदान टाळण्यासाठी उपयोगी पडते. दुसऱ्या चित्राचे काम नेहमी होकार मिळविणे हेच असते, असे नाही.

१०. उपचार, नियमन आणि भारतीय संदर्भ

निदानाच्या प्रश्नास नवे गांभीर्य आले ते जैविक औषधांमुळे. २००२ मध्ये ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब या औषधाने १२ आठवड्यांत ५३ टक्के रुग्णांच्या आजाराची तीव्रता निम्म्याने घटली. औषधाऐवजी केवळ भासमात्र उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होते. प्रभावी औषध उपलब्ध झाल्यावर वाट पाहण्याची किंमत वाढली, तशीच चुकीच्या निदानाचीही वाढली.

क्ष-किरण चित्रात बदल नसलेल्या रुग्णांना ही औषधे द्यावीत काय, यावर युरोप व अमेरिका यांच्या भूमिका भिन्न राहिल्या. युरोपात अडालिमुमॅबला अशा रुग्णांसाठी २०१२ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये अडालिमुमॅब व सर्टोलिझुमॅब यांना या वापरासाठी मान्यता दिली नाही. निकषांत बसणाऱ्या सर्वांना खरोखर हा आजार असतो काय आणि प्रतिमांचे स्थानिक वाचन कितपत विश्वसनीय आहे, या शंका त्यामागे होत्या. पुढील चाचणीनंतर सर्टोलिझुमॅबला तेथे २०१९ मध्ये मान्यता मिळाली. चित्र वाचण्यातील मतभेदांचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे या घटनाक्रमातून दिसते.

भारतीय परिस्थितीत या प्रश्नास आणखी दोन पैलू आहेत. पहिला पैलू क्षयरोगाचा. क्षयरोग मणक्यांना व सॅक्रोइलियाक सांध्यालाही होतो. तो बहुधा एकाच बाजूस असतो आणि एमआरआयमध्ये तेथेही सूज दिसते. वर उल्लेखिलेली जैविक औषधे सुप्त क्षयरोग जागृत करू शकतात. त्यामुळे एका बाजूच्या सुजेवरून घाईने निदान करणे येथे विशेष धोकादायक ठरते. दुसरा पैलू पाठदुखीच्या व्याप्तीचा. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉपकॉर्ड’ सर्वेक्षणाने स्नायू व सांधेदुखी ही ग्रामीण भागातील एक प्रमुख आरोग्यसमस्या असल्याचे दाखविले. कष्टकरी समाजात श्रमजन्य पाठदुखी इतकी व्यापक असताना प्रत्येकाची एमआरआय करणे शक्य नाही आणि केली तरी चुकून होकारार्थी निकालांचे प्रमाण वाढेल. प्रथम योग्य प्रश्न विचारून दाहक पाठदुखी वेगळी काढणे, हा या परिस्थितीतील खरा पहिला टप्पा होय. त्यासाठी यंत्राची गरज नाही.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) क्ष-किरण युगात पुनर्प्रतिमांकन ही निदानाची निवडलेली पद्धत नव्हती. साधनाच्या मर्यादेतून आलेली ती अपरिहार्यता होती. तिची किंमत रुग्णांनी अनेक वर्षांच्या प्रतीक्षेने मोजली.

२) एमआरआयमुळे दाह आरंभीच्या अवस्थेत दिसू लागला. मात्र अल्पावधीत सरसकट पुनर्तपासणी केल्याने निदानात फारशी भर पडत नाही. एचएलए-बी२७ असलेले पुरुष आणि संशय प्रबळ असलेले रुग्ण यांच्या बाबतीत तिचा विचार योग्य ठरतो.

३) दोन चित्रांतील फरक हा आजाराचा, उपचाराचा, शारीरिक श्रमाचा अथवा वाचणाऱ्याच्या नजरेचा असू शकतो. म्हणून दुसरे चित्र काढण्यापूर्वी त्यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर अपेक्षित आहे, हे निश्चित असणे आवश्यक आहे.

४) नकारार्थी चित्र हे रुग्णाच्या तक्रारीचे खंडन नव्हे आणि होकारार्थी चित्र हे एकटे निदान नव्हे.

कॉनर यांनी पाहिलेल्या सांगाड्यापासून आजच्या एमआरआयपर्यंतच्या सुमारे सव्वातीन शतकांत या आजाराकडे पाहण्याची साधने अत्यंत सूक्ष्म झाली. तरीही निदानाचा प्रारंभ पहाटे झोपमोड करणाऱ्या दुखण्याविषयी रुग्ण जे सांगतो ते लक्षपूर्वक ऐकण्यातूनच होतो. ते ऐकल्यानंतरच पहिल्या चित्राला अर्थ प्राप्त होतो आणि दुसरे चित्र हवे की नको, हेही त्यानंतरच ठरविता येते.